काट्याचं वजन स्क्रीनवर दाखवायचंय? टेक्स्टबॉक्स नको, लेबल लावा

पिंपळगावकडच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी मी वजनकाट्याचा छोटा प्रोग्रॅम केला होता, पायथन आणि टिकिंटरमध्ये (पायथनमध्ये विंडो, बटणं बनवायची लायब्ररी), नाशिकला घरी बसूनच. काट्याच्या मशीनकडून सिरीयल केबलने आकडा यायचा आणि मी तो एंट्रीमध्ये म्हणजे साध्या टेक्स्टबॉक्समध्ये दाखवायचो. तिथंच चुकलं. एकदा वजन लॉक झाल्यावर ऑपरेटरचा हात कीबोर्डला लागला, मागे एक आकडा वाढला आणि तशीच पावती निघाली. शेतकऱ्याने स्क्रीनवरचा आकडा आधीच डोक्यात ठेवला होता म्हणून लगेच सापडलं, नाहीतर दोघांपैकी एकाचं नुकसान नक्की होतं. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो, जे माणसाने टाइप करायचं नाही ते टाइप करता येईल अशा खोक्यात ठेवायचंच नाही.

लेबल म्हणजे फक्त दाखवणारा कंट्रोल. त्यात कर्सर जात नाही, यूजरला काही खोडता येत नाही, पण प्रोग्रॅममधून आपण मजकूर कितीही वेळा बदलू शकतो. टिकिंटरमध्ये लेबल बनवायचं, व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, आणि मग पुढच्या वेगळ्या ओळीत त्याच्यावर पॅक किंवा ग्रिड करायचं, म्हणजे ते विंडोत जागेवर बसवायचं. वेगळी ओळ मुद्दाम सांगतोय, कारण एकाच ओळीत लेबल बनवून शेवटी पॅक जोडलं तर पॅक काहीच परत देत नाही, तुमच्या व्हेरिएबलमध्ये नन (None, म्हणजे काहीच नाही) बसतो आणि नंतर मजकूर बदलायला कॉन्फिग मारलं की एरर येतो. नवीन मुलं यात हमखास अडकतात, कारण लेबल स्क्रीनवर तर दिसत असतं.

आकडा सारखा बदलायचा तर लूप लावून स्लीप घालू नका, पूर्ण विंडो गोठते. आफ्टर वापरा, म्हणजे ठरलेल्या वेळाने फंक्शन चालवणारी टिकिंटरची सोय, त्याला २०० मिलिसेकंद द्या, फंक्शनने लेबल बदलावं आणि शेवटी परत आफ्टरलाच बोलवावं. केबल वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्रॅममध्ये शेजारी चालणारं दुसरं काम) असेल तर थ्रेडमधून थेट लेबलला हात लावू नका, आकडा क्यूमध्ये (रांगेत) टाका आणि आफ्टरवाल्या फंक्शनमधून उचला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेबलला स्वतःला काही कळत नाही, शेवटचा मजकूर दिला तो तसाच धरून बसतं. केबल निघाली, मशीन बंद पडलं, तरी स्क्रीनवर आधीच्या ट्रॅक्टरचं ६८४० किलो दिमाखात दिसत राहतं आणि पुढची गाडी काट्यावर उभी असते. बघणाऱ्याला वाटतं हे आपलंच वजन! म्हणून शेवटचा आकडा कधी आला ती वेळ साठवून ठेवा आणि ३ सेकंदात नवीन काही आलं नाही तर लेबलमध्ये सरळ "काटा बंद" लिहा, आकडा पुसून टाका, आणि पावतीचं बटणही डिसेबल करा. गाडी हलत असताना आकडा वरखाली होतो तेव्हा शेजारी "थांबा, वजन स्थिर नाही" असं दुसरं लेबल दाखवायचं. नुसता रंग लाल करून भागत नाही, दुपारच्या उन्हात स्क्रीनवर रंग कुठे नीट दिसतो.

दुसरं, हिशोब लेबलमधून वाचून करू नका. मी आधी तेच करायचो. भरलेली गाडी ६८४०, रिकामी २६२०, निव्वळ ४२२० किलो म्हणजे ४२.२० क्विंटल, आणि समजा भाव क्विंटलला २५५० असेल तर रक्कम १,०७,६१० रुपये. गंमत बघा, पायथनचं फ्लोट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) देवनागरी आकडे बरोबर वाचतं, पण मागे "क्विंटल" लागलं किंवा मधे स्वल्पविराम आला की लगेच एरर देतं. म्हणून खरा आकडा व्हेरिएबलमध्ये राहू द्या, लेबल हे त्याचं फक्त तोंड. आणि हो, पायथनचा तयार स्वल्पविराम १०७,६१० असा पडतो, आपल्याकडे ते कोणी वाचत नाही, लाख हजार पाडणारं छोटं फंक्शन स्वतःच लिहा.

फॉन्टचं सांगतो. विंडोजवर निर्मला यूआय चांगला दिसतो, विंडोज ८ पासून सोबतच येतो. फॉन्टचं नाव चुकलं तर टिकिंटर काही बोलत नाही, गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं, म्हणून काट्यावरच्या खऱ्या कॉम्प्युटरवर एकदा बघून या. वजनाचा साइज मी ७२ ठेवतो कारण शेतकरी ट्रॅक्टरजवळ उभा राहून खिडकीतून बघतो, त्याला आत येऊन विचारायला लागू नये. लेबलला विड्थ ठरवून द्या, टेक्स्ट असेल तर ती अक्षरांत मोजली जाते, नाहीतर आकडा लहान मोठा झाला की शेजारचं सगळं हलतं. लांब सूचना असेल तर रॅपलेंथ (किती रुंदीवर ओळ तुटेल ते) द्या, ती मात्र पिक्सेलमध्ये, दोघांत गोंधळ होतो. अँकर म्हणजे लेबलच्या आत मजकूर कुठे बसेल ते, आणि जस्टिफाय फक्त एकापेक्षा जास्त ओळी असतील तेव्हाच कामाचं.

लोगो लावायचा तर फोटोइमेज (टिकिंटरमध्ये चित्र ठेवणारं ऑब्जेक्ट) कुठेतरी धरून ठेवा, फंक्शन संपलं आणि व्हेरिएबल गेलं की चित्र गायब, नुसती रिकामी जागा राहते.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथं मी लेबल लावत नाही, पावती नंबर. लेबलमधला मजकूर माउसने सिलेक्ट होत नाही आणि ऑफिसमधल्या ताईंना नंबर कॉपी करून दुसरीकडे टाकायचा असतो. तिथं एंट्रीच घ्या पण स्टेट रीडओन्ली करा, कॉपी होतं आणि बदलता येत नाही. फक्त रीडओन्ली असताना इन्सर्ट चालत नाही, म्हणून स्ट्रिंगव्हार (एंट्रीला जोडता येणारं टिकिंटरचं व्हेरिएबल) जोडा आणि नंबर त्यातून बदला. क्यूटीवाले (विंडो बनवायची दुसरी लायब्ररी वापरणारे) असाल तर तिथल्या लेबलला, म्हणजे क्यूलेबललाच माउसने सिलेक्ट करता येईल असा फ्लॅग लावता येतो, तिथं ही कसरत लागत नाही.