चाळणीत डाळच अडकली: लिंक तपासून स्पॅम अडवताना या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. मार्चअखेरीचे दिवस होते. सकाळी सव्वादहाला अकाउंट बघणाऱ्या नानांचा फोन आला. "भो, कालपासून एकाही पार्टीचा मेल नाही. इंदूरवाला म्हणतो तीनदा पाठवला." उघडून बघतो तर ऑर्डरी, बिल्टीच्या कॉप्या, सीएचं स्मरणपत्र, सगळं जंकमध्ये जाऊन बसलेलं. इनबॉक्सात पोचले होते ते फक्त बिनलिंकचे मेल.

खोट माझीच होती आणि दोन ओळींची होती. ती सांगतोच, पण आधी ही चाळणी चालते कशी ते बघू.

स्पॅम ओळखायच्या दोन जुन्या वाटा आहेत. रावेर-सावद्याकडून केळीची गाडी निघते तेव्हा नाक्यावरचा माणूस गाडीचा नंबर बघतो. आयपी पत्त्यांच्या, म्हणजे मशीनच्या आकडी पत्त्यांच्या, ब्लॉकलिस्ट तेवढंच करतात. मेल कोणत्या मशीनवरून आला, ते मशीन बदनाम आहे का? पण ठग गाडी रोज बदलतो. बदलायला जड जातं ते आतल्या पावतीवरच्या दुकानाचं नाव, कारण गिऱ्हाईक शेवटी तिथंच यायला हवं. मेलमधली लिंक म्हणजे ते दुकान. या विचारातून २००४ मध्ये एसयूआरबीएल ही यादी सुरू झाली आणि त्याच वर्षी स्पॅमॲसॅसिन या मेलला गुण देऊन स्पॅम ठरवणाऱ्या प्रोग्रामच्या ३.० आवृत्तीत तशी तपासणी आली. आज यूआरआयबीएल आणि स्पॅमहाउसची डीबीएल याही याद्या सर्रास वापरतात.

विचारणा डीएनएसमधूनच होते, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून. लिंकमधलं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घ्यायचं, त्याच्या शेपटाला यादीचं नाव जोडायचं आणि असा पत्ता आहे का ते विचारायचं. 'असं नाव नाही' हे उत्तर आलं तर डोमेन यादीत नाही. १२७ने सुरू होणारा पत्ता आला तर बहुधा आहे, आणि का आहे ते शेवटचा आकडा सांगतो. एसयूआरबीएलमध्ये ८ म्हणजे फिशिंग, १६ म्हणजे मालवेअर, ६४ म्हणजे स्पॅमसाठी वापर, १२८ म्हणजे हॅक झालेली साइट. ७२ आलं तर ८ आणि ६४ दोन्ही.

'बहुधा' म्हटलं, तिथंच मी घसरलो होतो.

उत्तर आलं म्हणजे नाव यादीत, असं धरणं

आदल्या दिवशी मिलमधली इंटरनेटची लाइन बदलली. नव्या राउटरवर मी सवयीनं गूगलचा ८.८.८.८ हा डीएनएस टाकला. ब्राउझिंग सुसाट. पण या याद्या फुकटात मिळतात त्या थोड्या विचारणांपुरत्या, आणि विचारतंय कोण ते यादीवाल्याला कळायला हवं. सार्वजनिक डीएनएसमधून गेलात तर लाखो लोकांच्या प्रश्नांत तुमचा प्रश्न मिसळतो, म्हणून यादीवाले तिथून आलेल्याला दारातूनच परत पाठवतात. एसयूआरबीएल आणि यूआरआयबीएल अशा वेळी १२७.०.०.१ देतात, स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ देते. अर्थ इतकाच की 'तुम्हाला उत्तर मिळणार नाही'. माझ्या हातच्या स्क्रिप्टला एवढं कुठून कळणार? तिच्या लेखी पत्ता आला की डोमेन गुन्हेगार. त्यामुळे ज्या मेलात लिंक, तो जंक.

स्पॅमॲसॅसिन वापरणाऱ्यांकडे हाच रोग उलटा दिसतो. त्याला नकार समजतो, म्हणून तो मेल अडवत नाही. मेलच्या हेडरमध्ये फक्त 'यूआरआयबीएल ब्लॉक्ड' अशी नगण्य गुणांची नोंद करतो आणि पुढं जातो. महिनोन्महिने यादी तपासलीच जात नाही आणि ऑफिसात सगळे म्हणतात, 'हल्ली स्पॅम फार वाढलाय.' माझ्या मते हे जास्त वाईट. डाळ अडकली की नाना फोन करतात; खडे आत आले तर कोणी करत नाही.

उपाय असा. मेल सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा प्रोग्राम, बसवा आणि त्याला पुढं कुणाकडे फॉरवर्ड करू देऊ नका, मुळापासून स्वतः विचारू द्या. डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवरही हे करावं लागतं, कारण तिथला सामाईक रिझॉल्व्हर शेकडो भाडेकरूंच्या विचारणा एकत्र करतो आणि फुकटची मर्यादा तुम्ही काही न करताच संपते. उबुंटूवर आणखी एक गंमत होते. अनबाउंड बसतो, चालू असतो, पण सिस्टीम अजून १२७.०.०.५३लाच, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या डीएनएस मदतनिसालाच, विचारत असते आणि तो जुन्याच वाटेनं पाठवत असतो. माझा यात एक अख्खा रविवार गेला. स्पॅमॲसॅसिनच्या सेटिंगमध्ये डीएनएस सर्व्हर म्हणून १२७.०.०.१ स्पष्ट लिहिलं की हा घोळ मिटतो.

स्वतःची स्क्रिप्ट असेल तर नेमके आकडे तपासा. नकाराचे आकडे वेगळे काढा. १२७च्या बाहेरचा पत्ता आला तर तो सरळ टाकून द्या, कारण काही इंटरनेट कंपन्या 'असं नाव नाही' या उत्तराच्या जागी स्वतःच्या जाहिरातीच्या पानाचा पत्ता देतात. खातरजमा सोपी आहे. अशा याद्यांसाठीचा आरएफसी ५७८२ हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज सांगतो की डोमेनच्या यादीत 'टेस्ट' हे नाव असलंच पाहिजे आणि 'इनव्हॅलिड' कधीही नसावं. डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडनं दोन्ही विचारा. दोन्हींना एकच उत्तर आलं तर बिघाड बहुधा तुमच्याच घरात आहे.

कच्च्या मेलात लिंक शोधणं

ही चूक इंग्रजी मेल वाचणाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाही, आपल्या लगेच यायला हवी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक सुटं अक्षर किंवा एक मात्रा तीन बाइट घेते. मेल पाठवताना मजकूर कोटेड-प्रिंटेबल पद्धतीनं लिहिला तर प्रत्येक बाइटची तीन चिन्हं, म्हणजे एका अक्षराला नऊ. म्हणून मराठी मजकुराचा मेल पुष्कळदा बेस-६४ या दुसऱ्या, आटोपशीर पद्धतीत बांधून येतो. त्यात लिंक डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या शोधालाही सापडत नाही. माझी जुनी स्क्रिप्ट इंग्रजी लॉटरीचे मेल चोख पकडायची. 'तुमचं वीजबिल थकलं आहे, आज रात्री जोडणी तोडू' असा शुद्ध मराठीतला मेल मात्र तिच्या नाकाखालून जायचा. नानांनी तो मला दाखवला आणि वर विचारलं, "ही चाळणी फक्त इंग्रजीच चाळते का हो?"

कोटेड-प्रिंटेबलमध्येही सुख नाही. तिथं ओळ ७६ चिन्हांत संपते, लांब लिंक मधोमध तुटते आणि तुटल्या जागी बरोबरचं (=) चिन्ह घुसतं. तेव्हा आधी मेल उलगडा, मग लिंक काढा. वाचणाऱ्याला दिसणारं नाव आणि क्लिक केल्यावर उघडणारा पत्ता वेगळे असू शकतात. तपासायचा तो उघडणारा. आणि डोमेनच देवनागरीत असेल, म्हणजे शेवटी 'डॉट भारत' असेल, तर यादीला विचारताना ते प्युनिकोडच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांतल्या, रूपात न्यावं लागतं, नाहीतर प्रश्नच अर्थहीन होतो.

नाव चुकीच्या जागी कापणं

'ऑफर.अमुकतमुक.को.इन' अशी लिंक आहे. शेवटचे दोन तुकडे घेतले तर हातात 'को.इन' उरतं, आणि ते कुठल्याच यादीत सापडणार नाही. एसयूआरबीएल आणि यूआरआयबीएलला नोंदणीचं मूळ डोमेन लागतं, इथं 'अमुकतमुक.को.इन'. डीबीएलला पूर्ण नाव दिलं तरी चालतं. कुठं कापायचं हे पब्लिक सफिक्स लिस्टमध्ये लिहिलेलं असतं. ती अधूनमधून ताजी करा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'बँक.इन'खाली यायला सांगितलं होतं. तुमच्या टेबलात 'बँक.इन' शेपूट म्हणून नसेल तर साऱ्या बँका मिळून एकच डोमेन दिसेल.

यातलीच एक सख्खी चूक म्हणजे लिंकमध्ये नावाऐवजी आकड्यांचा पत्ता असला की तोही डीबीएलला विचारणं. त्या यादीत आयपी नसतातच. उत्तर येतं १२७.०.१.२५५, म्हणजे 'इथं आयपी विचारू नका'. सगळ्या उत्तरांना होकार समजणाऱ्या स्क्रिप्टसाठी तोही होकारच.

एका नोंदीवर फाशी

यादी ही साक्ष आहे. स्पॅमॲसॅसिनमध्ये मूळ सेटिंगला ५ गुण झाले की मेल स्पॅम ठरतो. यादीतल्या नोंदीला भरघोस गुण द्या, पण दारातूनच हाकलायचं तर पूर्ण विचार करून. कारण सांगतो. मी ऑफिसात सगळ्यांना बजावलं होतं की संशयित मेल आला तर मला फॉरवर्ड करा. आठवडाभर एकही आला नाही. मी खूश, लोक शहाणे झाले म्हणून. प्रत्यक्षात तक्रारीच्या प्रत्येक मेलात तीच बदनाम लिंक होती आणि माझीच चाळणी ती अडवत होती. तक्रारी घेणारा पत्ता, तसंच पोस्टमास्टर आणि अब्यूज या नावांचे पत्ते या तपासणीतून वगळा.

वगळण्याची यादी मात्र हात राखून वाढवा. एखाद्या पार्टीचा मेल अडकला म्हणून लिंक छोटी करून देणारी अख्खी सेवाच वगळली की ठगांना राजरस्ता मिळतो. स्पॅमॲसॅसिन ४.०मध्ये अशा छोट्या लिंक उलगडून खरं डोमेन तपासणारा प्लगइन आहे, तो चालू करा.

बंद पडलेल्या याद्यांबद्दल थोडक्यात: एएचबीएलनं सेवा थांबवल्यावर २०१५च्या सुरुवातीपासून प्रत्येक विचारणेला होकार द्यायला सुरुवात केली, तेही लोकांनी विचारणं थांबवावं म्हणून. कुणाच्या तरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या सेटिंगची फाइल जशीच्या तशी उचलली असेल तर त्यातली प्रत्येक यादी जिवंत आहे का ते बघा. आणि आज सकाळी नोंदवलेलं डोमेन कुठल्याच यादीत दुपारपर्यंत येईल याचा भरवसा नाही. तिथं ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी सर्व्हरला 'थोड्या वेळानं ये' सांगणं, यादीला तेवढी उसंत देतं.

आपलंच नाव यादीत

दोंडाईच्याच्या मिरची बाजारातले एक आप्पा ओळखीचे. त्यांचे मेल कुणालाच पोचेनात. सर्व्हरचा आयपी स्वच्छ; एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खऱ्या मालकाचाच आहे हे पटवणाऱ्या नोंदी, दोन्ही बरोबर. दोन दिवस मी चुकीच्याच जागी खोदत होतो. मग सहज त्यांना म्हटलं, सही काढून एक मेल पाठवा. तो पोचला. सहीत त्यांच्या वेबसाइटची लिंक होती, आणि ती वर्डप्रेसची साइट दोन वर्षं कुणी अपडेट केलेली नव्हती. मुख्य पानावर लालभडक मिरचीचे फोटो, आणि आत एका फोल्डरमध्ये कुणीतरी बनावट लॉगिनची पानं ठेवून गेलेलं. डीबीएलचं उत्तर होतं १२७.०.१.१०४: डोमेन चांगल्या माणसाचं, पण फिशिंगसाठी वापरलं गेलेलं.

इथं लोक आधी नाव काढायचा अर्ज करतात. घाण तशीच असेल तर नाव पुन्हा चढतं आणि पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. आम्ही आधी परक्या फाइली काढल्या, प्लगइन अपडेट केले, पासवर्ड सगळे बदलले, मगच अर्ज केला. नाव निघालं, मेल पोचू लागले. आप्पांनी मात्र ती लिंक सहीत पुन्हा टाकली नाही. "फोन नंबर आहे ना," म्हणतात, "ज्याला मिरची पाहिजे तो फोन करीन."