टॅक्सी करताना प्रोपेलर आपटला, तर

वैमानिक होण्याचे प्रशिक्षण सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला लँडिंगची जेवढी धास्ती असते, तिच्या पाव हिस्साही टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेण्याची, नसते. याचा दोष आम्हा जुन्या विद्यार्थ्यांकडे जातो, कारण कँटीनमधल्या आमच्या गप्पा क्रॉसविंडच्या (आडव्या वाऱ्याच्या) असतात. एप्रनवरून (विमाने उभी करण्याच्या जागेवरून) रनवेपर्यंत विमान कसे नेले, हे कोणी रंगवून सांगत नाही. प्रशिक्षण केंद्र बारामतीचे असो, धुळ्याचे असो की गोंदियाचे, प्रोपेलर (विमानाच्या नाकावरचा पंखा) जमिनीला लागण्याची शक्यता सगळीकडे सारखीच आहे.

सेसना 172 एस विमानाच्या प्रोपेलरचा व्यास 76 इंच असतो. टॅक्सीच्या साधारण 1000 आरपीएमलाही (मिनिटाला 1000 फेऱ्या) पात्याचे टोक ताशी सुमारे 360 किलोमीटर वेगाने फिरत असते. नोजव्हील (नाकाखालचे चाक) असलेल्या लहान विमानांसाठी अमेरिकी प्रमाणन नियमांनी पूर्वापार पाते आणि जमीन यांत किमान 7 इंच अंतर मागितले. शिवाय टायर पूर्ण बसला आणि स्ट्रट (चाकावरचा धक्के शोषणारा दांडा) तळाला टेकला तरीही पाते जमिनीला लागता कामा नये, अशी अट घातली. मात्र हे सारे गणित सपाट जमिनीवरचे आहे. टॅक्सीवेची कड सोडून नोजव्हील पावसाने भुसभुशीत झालेल्या मातीत उतरले, किंवा वेगात टॅक्सी करताना कचकन ब्रेक दाबल्यामुळे नाक खाली गेले आणि त्याच वेळी चाक खड्ड्यात आले, तर ते अंतर कुठल्या कुठे जाते. म्हणून प्रीफ्लाइटमध्ये (उड्डाणापूर्वीच्या तपासणीत) नोज स्ट्रट बसलेला दिसला, तर 'सगळीच विमाने अशी आहेत' या उत्तरावर समाधान मानू नका.

खडीबद्दल थोडक्यात सांगते. सुट्या खडीवर उभे राहून रन-अप (उड्डाणापूर्वी इंजिनाचा वेग वाढवून घेतलेली चाचणी) करू नये, आणि अशा पृष्ठभागावरून टेक-ऑफ करावाच लागला तर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारी दांडी) हळूहळू पुढे न्यावा, म्हणजे आरपीएम चढण्याआधी विमान पुढे सरकते आणि खडे पात्यात ओढले न जाता मागे उडतात. पात्याच्या पुढच्या कडेवर पडलेली लहानशी खाचसुद्धा धातूतला ताण एका जागी गोळा करते आणि तिथून तडा वाढू शकतो. ती घासून काढणे हे एएमईचे (विमान देखभाल अभियंत्याचे) काम आहे, विद्यार्थ्याचे नव्हे.

ज्या समजुतीने मला बराच काळ भुलवले, ती अशी: पाते लागले, पण इंजिन बंद पडले नाही, आवाज बदलला नाही, थरथर नाही, म्हणजे नुकसान टोकापुरतेच. हे ऐकायला इतके पटण्यासारखे वाटते की अनुभवी माणसेही तेच सांगतात. मी शिकत होते तिथल्या एका वरिष्ठांनी टोक वाकलेल्या पात्याकडे पाहून 'चालतंय ना, मग झालं' एवढेच म्हटले होते. लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला एक गिअर असतो, जो एका बोल्टने घट्ट बसवलेला आणि एका लहान डॉवेल पिनने जागेवर धरलेला असतो. कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा), मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारे यंत्र) आणि ऑइल पंप यांना गती मिळते ती याच गिअरकडून. पाते अडले की फिरता क्रँकशाफ्ट क्षणात मंदावतो आणि तो हिसका थेट या पिनपर्यंत पोहोचतो. पिन किंवा बोल्ट दुखावला, तरी त्या दिवशी इंजिन सुरळीत चालू शकते. पुढे कधीतरी हवेत तो गिअर निखळला, तर दोन्ही मॅग्नेटो एकदम निकामी होतात, आणि 'दोन मॅग्नेटो आहेत, एक गेला तरी दुसरा आहे' हा पहिल्याच आठवड्यात शिकवलेला दिलासा तिथे उपयोगी पडत नाही.

म्हणूनच लायकॉमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन 533 (देखभालीचे सूचनापत्रक) मधली प्रोपेलर आपटण्याची व्याख्या आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ रुंद आहे. इंजिन बंद असताना बसलेल्या धक्क्यानेही पात्याला किरकोळ घासणीपलीकडची दुरुस्ती लागत असेल, तर तो प्रसंग त्यात मोडतो. पाण्याला किंवा उंच गवताला लागून आरपीएम एकदम पडला आणि पात्यावर ओरखडाही नसला, तरीसुद्धा मोडतो. लायकॉमिंगच्या बहुतेक डायरेक्ट-ड्राइव्ह (प्रोपेलर थेट फिरवणाऱ्या) इंजिनांसाठी अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतूक नियामकाने) काढलेल्या एडी (सक्तीचा सुरक्षा आदेश) 2004-10-14 नुसार अशा धडकेनंतर तो गिअर, बोल्ट आणि पिन उघडून तपासणे बंधनकारक आहे. 'एक रन-अप घेऊन पाहू' हा उपाय त्यात कुठेही नाही, आणि तो सुचवणाऱ्याला गुरू मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रसंग आलाच, तर मिक्श्चर कापा (इंजिनाचे इंधन तोडा), मॅग्नेटो बंद करून किल्ली काढा आणि विमान आहे तिथेच राहू द्या. टॅक्सी करत ते एप्रनवर परत आणू नका आणि पाते हाताने फिरवून पाहू नका. आरपीएम किती होता, तो पडला का, चाक नेमके कुठे उतरले, हे विसरायच्या आत लिहून ठेवा, कारण एएमईला त्याच तपशिलांची गरज असते. घाबरून जाऊ नका. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे केवळ प्रोपेलरपुरते मर्यादित नुकसान 'अपघात' ठरत नाही. तरीही प्रशिक्षकाला लगेच सांगणे आणि टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) स्नॅग (बिघाड) लिहिणे यांतून सुटका नाही, कारण त्या नोंदीशिवाय तपासणी होणार नाही आणि त्याच विमानात पुढच्या तासाला कोणीतरी सोलोला (एकट्याने उड्डाणाला) जाईल. तपासणीत विमान कित्येक दिवस जमिनीवर राहते, सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी) लागणारे 200 तास लांबतात आणि वसतिगृहाचे भाडे चालू राहते. तो जाच मला चांगला ठाऊक आहे. त्या काळात हँगरमध्ये जा आणि इंजिन उघडतील तेव्हा तो डॉवेल पिन दाखवायला सांगा. बहुतेक एएमई आनंदाने दाखवतात.