फळछाटणीनंतर द्राक्षबागेतील डाऊनी आणि भुरी कशी रोखावी

ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिक-सांगलीकडच्या बागांना सर्वांत मोठा धोका डाऊनीचा, म्हणजे केवडा या बुरशीजन्य रोगाचा. पानावर तेलकट पिवळा डाग पडतो आणि खालच्या बाजूला पांढरी लव येते. लव दिसेपर्यंत रोग पानात मुरलेला असतो, त्यामुळे डागांची वाट पाहू नका.

छाटलेल्या काड्या आणि पडलेली पाने बागेबाहेर काढून नष्ट करा. बुरशीचे बीजाणू त्यांतच टिकून राहतात. मग डोळे फुटण्याआधी खोड, ओलांडे (तारेवर पसरवलेल्या मुख्य फांद्या) आणि काड्या एक टक्का बोर्डो मिश्रणाने चिंब भिजवा.

बोर्डो असे करा: १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो चांगला कळीचा चुना वेगळ्या ५० लिटर पाण्यात विरघळवा. भांडी प्लॅस्टिकची घ्या, लोखंडी नकोत. चुना गाळून घ्या आणि त्यात मोरचुदाचे पाणी हळूहळू ओता, ढवळत राहा. स्वच्छ लोखंडी सुरी मिश्रणात थोडा वेळ बुडवा. तिच्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, पाने भाजतील. आणखी चुन्याची निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

पोंग्यापासून (डोळ्यातून कोवळी फूट बाहेर येते तेव्हापासून) मणी धरेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. पावसाचा अंदाज असेल तर आधीच मॅन्कोझेब हे बुरशीनाशक ७५ टक्के, लिटरला २ ग्रॅम फवारा. हे स्पर्शजन्य औषध, म्हणजे नवीन फुटीवर ते नसतेच; पाऊस सुरूच राहिला की पुन्हा फवारावे लागते. पाने भिजून संसर्गाची शक्यता असेल तर एक-दोन दिवसांतच सायमोक्झॅनिल-मॅन्कोझेब (२ ग्रॅम) किंवा डायमेथोमॉर्फ ५० टक्के (१ ग्रॅम) घ्या. एकाच गटातील आंतरप्रवाही (झाडात भिनणारे) औषध लागोपाठ दोनदा वापरू नका, बुरशी त्याला सरावते.

फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोहोचलाच पाहिजे, कारण डाऊनी तिथल्याच छिद्रांतून शिरते. इथेच बहुतेक फवारण्या वाया जातात, दोष मात्र औषधाला दिला जातो. बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणाऱ्या जादा फुटी) वेळेवर काढा, घडाभोवती हवा खेळू द्या.

भुरीचे, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या दिसणाऱ्या बुरशीचे, गणित वेगळे. तिला पाऊस लागत नाही. ढगाळ, दमट हवा आणि दाट सावली पुरते. लहान मण्यांवर ती बसली की साल ताठर होते आणि पुढे मणी तडकतो. सुरुवातीला पाण्यात विरघळणारे गंधक ८० टक्के, २ ग्रॅम लिटरला पुरेसे होते. पारा ३५ अंशांच्या आसपास असताना किंवा तेलयुक्त फवारणीच्या मागेपुढे गंधक मारू नका, पाने भाजतात.

काढणी जवळ आली की औषध निवडताना काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांत ठेवायचे दिवस) पाहूनच घ्या. माल निर्यातीसाठी असेल तर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या हंगामाची औषधांची यादी दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा वरची माना.