मोगऱ्याला उन्हाळी बहर हवा असेल तर ताण आणि छाटणी आत्ताच

मार्च ते जून हा मोगऱ्याचा हंगाम. गुढीपाडव्यापासून लग्नसराई संपेपर्यंत गजऱ्याला मागणी असते, आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातल्या शेतकऱ्यांचा माल पहाटे दादरच्या फुलबाजारात पोचतो. पण त्या बहराची तयारी डिसेंबरातच करावी लागते. मोगरा नव्या फुटीवरच फुलतो. थंडीत पाणी देत राहिलात तर झाड हिरवंगार दिसेल, जुन्या फांद्या वाढतील आणि उन्हाळ्यात चार कळ्या मिळतील.

पावसाळी जमिनीत अजून ओल असते, म्हणून नोव्हेंबरअखेरीपासून पाणी तोडा. हलक्या, मुरमाड जमिनीत दोन-तीन आठवडे ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीत महिनाभर लागतो. दिवस मोजत बसू नका, झाडाकडे बघा: पानं पिवळी पडून गळायला लागली आणि कोवळे शेंडे थांबले, की ताण बसला.

मग डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा पहिला पंधरवडा या काळात छाटणी. जमिनीपासून दीड फुटावर झुडूप सरसकट कापा. वाळक्या, रोगट आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या बुडातून काढा, उरलेली पानं हाताने ओरबाडा. सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार असू द्या. बोथट हत्याराने फांदी चिरते आणि तिथून वाळत खाली जाते. जाड फांद्यांच्या कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. छाटलेलं शेत पाहून घरातली मंडळी हळहळतात, पण इथे हात आखडता घेऊ नका. अर्धवट छाटलेलं झुडूप उंच वाढतं, आतून पोकळ होतं आणि तोडणीलाही अडचणीचं ठरतं.

छाटणीनंतर बुंध्याभोवती आळं खणून दोन-चार दिवस ऊन खाऊ द्या. मोठ्या झुडपाला वर्षाला 60 ग्रॅम नत्र आणि 120-120 ग्रॅम स्फुरद व पालाश लागतं. त्यातला निम्मा हप्ता आत्ता: 10 किलो कुजलेलं शेणखत, साधारण 65 ग्रॅम युरिया, 375 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 100 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. उरलेला निम्मा जून-जुलैत. खत मातीत मिसळून हलकं पाणी द्या, चार-पाच दिवसांनी आंबवणी म्हणजे दुसरं पाणी, आणि फूट दिसू लागल्यावर पाण्याच्या पाळ्या नियमित करा. कळ्या लागल्यावर मात्र पाण्यात खंड पडू देऊ नका.

चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. ही लोहाची कमतरता आहे, युरिया वाढवून ती जात नाही. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन संध्याकाळी फवारा आणि पानं हिरवी होईपर्यंत पंधरा दिवसांच्या अंतराने पुन्हा घ्या.

कळी जांभळट-लाल होऊन न उमलताच वाळत असेल तर कळीमाशी समजा. कळीला भोक आणि जाळी दिसली तर अळी. दोन्हींत किडक्या कळ्या रोज वेचून नष्ट करणं हाच पहिला उपाय. कळीमाशीचे कोष मातीत असतात, म्हणून झुडपाखालची माती अधूनमधून हलवा. सुरुवातीलाच 5 टक्के निंबोळी अर्क फवारला तर बरंच निभावतं. लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, तेही उन्हं उतरल्यावर. निंबतेलाच्या फवारणीला लागून गंधक घेऊ नका, पानं करपतात.

अंगणात किंवा गच्चीवर मोगरा असेल तर रीत हीच, मात्र कुंडीत माती थोडी म्हणून ताण आठ-दहा दिवसांचाच, तोही शेंडे सुकायला लागले तर मोडावा. झाडाला सहा तास थेट ऊन मिळालंच पाहिजे. सावलीतला मोगरा पानं देतो, फुलं नाही. नवी लागवड करायची असेल तर पावसाच्या सुरुवातीला, निचरा होणाऱ्या जमिनीत, सव्वा मीटर अंतरावर करा.

तोडणी उजाडायच्या आत उरका. पांढरी, टपोरी, पण न उमललेली कळी देठासकट खुडायची आणि ओल्या फडक्यावर पातळ पसरायची. ऊन चढल्यावर तोडलेला माल वजनाला घटतो. हिरवट कळी नंतर उमलत नाही. ती दुसऱ्या दिवसासाठी झाडावरच राहू द्या.