जवानावर अमली पदार्थांचा आरोप आल्यास घरच्यांनी काय पाहावे

गडहिंग्लज-शिरोळकडच्या एखाद्या घरी "पोराला युनिटनं धरलंय, गांजा सापडला म्हणे" असा फोन येतो, तेव्हा घरचे कोल्हापुरात वकील शोधू लागतात. त्याआधी आरोप नेमका कोणत्या कलमाखाली आहे, हे विचारून घ्यावे.

लष्कर अधिनियम, 1950 चे कलम 48 नशेत आढळण्याबद्दल आहे. जवान कर्तव्यावर होता की नव्हता, याने गुन्हा टळत नाही. त्यामुळे रंगपंचमीला घेतलेली भांगही अडचणीची ठरू शकते, जरी 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजा-चरसाच्या व्याख्येत भांगेची पाने येत नसली तरी. शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. मात्र अधिकारी नसलेल्या व्यक्तीने कर्तव्यावर नसताना हा गुन्हा केल्यास ती सहा महिन्यांपलीकडे जात नाही.

पदार्थ जवळ सापडला असेल तर मामला जड होतो. 1985 च्या कायद्याखालील गुन्हा लष्कर अधिनियमाच्या कलम 69 नुसार कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्करी न्यायालयापुढे, चालू शकतो. तो तिथे चालवायचा की फौजदारी न्यायालयात, हे त्याच अधिनियमाच्या कलम 125 प्रमाणे लष्करी अधिकारी ठरवू शकतो. इथे पंचनाम्यातील वजन बारकाईने वाचावे, कारण शिक्षा प्रमाणावर ठरते: गांजा एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, तर 20 किलोपेक्षा जास्त व्यापारी प्रमाण धरला जातो. हेरॉइनसाठी हेच आकडे 5 आणि 250 ग्रॅम आहेत.

माझ्या मते प्रकरण बहुधा सैन्य नियम 22 च्या, म्हणजे खटल्याआधीच्या, सुनावणीतच घडते किंवा बिघडते. टोपी-पट्टा उतरवून जवानाला सीओसाहेबांपुढे (युनिटच्या प्रमुख अधिकाऱ्यापुढे) मार्च करून उभे करतात, साक्षीदार बोलतात आणि "काही विचारायचे आहे का?" असा प्रश्न येतो. "नो, साहब" हे उत्तर सवयीने तोंडातून निघते आणि तेच कागदावर राहते. साक्षीदाराची उलटतपासणी घेणे आणि आपला साक्षीदार बोलावणे हा इथे जवानाचा हक्क आहे. पुडी कोणाच्या ट्रंकेत, कोणासमोर सापडली, ट्रंकेला कुलूप होते का, असे साधे प्रश्नही पुढे मोलाचे ठरतात.

खटला उभा राहिल्यास आरोप कळवल्यापासून तो सुरू होईपर्यंत नियम 34 प्रमाणे किमान 96 तास मिळायला हवेत; सक्रिय सेवेत (शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर वगैरे असताना) मात्र 24. समरी कोर्ट मार्शलमध्ये (सीओ एकटाच न्यायालय असतो अशा संक्षिप्त खटल्यात) सोबत बसणारा मित्र किंवा वकील सल्ला देऊ शकतो, पण साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही, म्हणून प्रश्न आधीच लिहून द्यावेत.

खटल्याऐवजी थेट घरी पाठवण्याची नोटीस आली आणि कारण म्हणून चार लाल शाईच्या नोंदी (सेवापुस्तकातील शिक्षांच्या नोंदी) दाखवल्या, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा वीरेंद्र कुमार दुबे निकाल उत्तरात नमूद करावा. केवळ चार नोंदी झाल्या म्हणून सेवामुक्ती आपोआप अटळ ठरत नाही, असे तो सांगतो.

कोर्ट मार्शलच्या शिक्षेविरुद्ध सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. त्यासाठी कामकाजाची प्रत लागते; ती नियम 147 खाली जवानाने स्वतः सही करून लेखी मागावी आणि अर्जाची पोच घरी ठेवावी.