गरजांचा अहवाल घेऊन वस्तीत जाण्याआधी

नागपूर जिल्ह्याच्या गरजांची पाहणी झाली होती, अहवाल हातात होता, आणि त्यात महिलांची पहिली मागणी रोजगार अशी होती. तेवढ्यावर आम्ही शहरात पारडीकडच्या एका वस्तीतल्या समाजभवनात शिवणवर्ग उघडला. दहा मशिनी आणल्या, वेळ ठेवली दुपारी दोनची. महिनाभर आठ मशिनींवरचं झाकायचं कापडही निघालं नाही. त्या वेळी बाया दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करत होत्या, आणि घरी आल्या की नळ येण्याची वेळ. अहवालाच्या शेवटच्या पानांत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की मुलाखती सकाळी अकरा ते चार या वेळात घेतल्या. म्हणजे या बायांना कोणी विचारलंच नव्हतं. ते पान आम्ही वाचलं नाही.

तेव्हा अहवाल हाती आला की आधी ते पान काढा. कोणाला विचारलं, किती जणांना, किती वाजता, कोणत्या भाषेत. पारडी-कळमन्याच्या कितीतरी घरांत छत्तीसगढी बोलतात. प्रश्न फक्त मराठीत विचारले असतील तर उत्तरं जपून वापरा. कळमना मार्केटचा हमाल पहाटेच कामाला जातो, तोही अकरा वाजता दारात सापडत नाही. ते पान नसेलच, तर अहवाल करणाऱ्यांना फोन करून विचारा. लाज वाटू देऊ नका.

मग हद्द. नागपूर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत, आणि भिवापूर तालुक्याची गरज व शहरातल्या आशीनगर झोनची गरज एका सरासरीत बसवली की दोन्ही दिसेनाशा होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची आकडेवारी जिल्ह्यापर्यंतच उतरते, तिच्यावरून एखाद्या वस्तीबद्दल काही ठरवू नका. लोकसंख्येसाठी सगळे २०११ ची जनगणना देतात: शहर सुमारे २४ लाख. पण नरसाळा आणि हुडकेश्वर महापालिकेत त्यानंतर आले. त्या बाजूला काम असेल तर जुना आकडा चालणार नाही.

वर्ष पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी तलावाजवळच्या आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. अहवाल त्याआधीचा असेल तर त्या भागाच्या गरजांची यादी नव्याने करावी लागेल.

आशाताई आणि अंगणवाडीसेविकेला भेटा, हे सांगायला नको. पण त्यांना नुसतं ‘काय हवं?’ विचारू नका, त्याला ‘सगळंच हवं’ असं उत्तर येतं. अहवालातली पहिली पाच कामं वाचून दाखवा आणि विचारा, यातलं इथे कोणतं खोटं वाटतं? आम्ही हे केलं असतं तर पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणालं असतं, दोन वाजता इथे कोण असतं?

आणि पुन्हा सांगते, ते पान. पैसे मागायचा अर्ज लिहिण्याआधी वाचा, जागा ठरवण्याआधी वाचा. किती वाजता विचारलं हे कळलं की कोण सुटलं हे कळतं, आणि जे सुटले त्यांच्याकडे संध्याकाळी सात वाजता जा. बहुतेकदा तुमचं काम त्यांच्यासाठीच असतं. उन्हाळ्यात तर दुपारची पाहणी करूच नका, मे महिन्यात इथे दार उघडत नाही.

बाकीचं थोडक्यात. नगरसेवकाला कळवा. त्याच वस्तीत दुसरी संस्था तेच करतेय का, झोन कार्यालयात विचारा. अहवालातला आकडा वापरला की शेजारी वर्ष लिहा. जे कळलं ते विहारात किंवा समाजभवनात संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवा, चुकलं असेल ते तिथेच दुरुस्त करा. मशिनी त्यानंतर मागवा.