गणपतीला गावी जाताय? कंबर धरू नये म्हणून या चुका टाळा

रात्रभर एसटीत नाहीतर कोकणकन्येत अंग मुडपून बसायचं, सकाळी कणकवलीला उतरायचं आणि घरी चहा झाला की लगेच माळ्यावर चढून सामान काढायला लागायचं, दरवर्षी कोणाची तरी कंबर यातच जाते. इतके तास बसून पाठ आखडलेली असते हो, आधी खळ्यात चार फेऱ्या मारा, अंग मोकळं होऊ दे, जड काम दुपारनंतर. आणि रात्री झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर तरी खाली वाकून जड काही उचलू नका.

गुडघ्यात वाकून उचला हे सगळ्यांना पाठ असतं पण खरी गडबड वळताना होते. भरलेला सिलिंडर म्हणजे 14.2 किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, एकूण 30 किलोच्या आसपास. माझ्या चुलत भावाने तो नीट उचलला, काही झालं नाही, पण पाय तिथेच रोवून नुसता कमरेतून ओट्याकडे वळला आणि खटकन चमक भरली. पाचही दिवस बिचारा आरतीला भिंतीला टेकून उभा होता, बघवत नव्हतं. ओझं पोटाशी धरा आणि वळायचं तर पावलं वळवा, कंबर नाही. विहिरीवरून एका हातात भरलेली कळशी आणण्यापेक्षा दोन हातांत अर्ध्या-अर्ध्या बादल्या बऱ्या.

चिऱ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, भाद्रपदात शेवाळ असतंच, आदल्या दिवशी ब्लीचिंग टाकून खराट्याने घासून घ्या. झिजलेली चप्पल नको, आणि मूर्ती हातात असताना पायाखालचं दिसत नाही म्हणून पुढे एक माणूस बॅटरी घेऊन हवाच. शाडूची मूर्ती जड असते, उचलणारे बदलत राहा, दमलो म्हणायला लाजू नका.

माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची सजावटीची लाकडी चौकट, बांधायला प्लास्टिकची खुर्ची नको, शिडी घ्या आणि ती कोणीतरी धरा.

बायकांच्या पाठीचं तर कोणी मनावरच घेत नाही. मोदकांसाठी विळीवर बसून दहा-बारा नारळ एका दमात खवायचे, मान खाली, पाठीला बाक. एकीने तीन-चार खवले की दुसरीने बसावं, पुरुषांनीही बसावं की, त्यात काय!

एवढं करून उसण भरलीच तर पायाळू माणसाची लाथ, जोरात मालीश, कोणाकडून खेचून घेणं हे काही करू नका. आठवडाभर झोपूनही राहू नका, एक-दोन दिवस आराम मग घरातल्या घरात हळूहळू चाला. पण पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिर वाटलं किंवा लघवी अडकली, नकळत व्हायला लागली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढून हॉस्पिटल गाठा, विसर्जन होऊ दे मग बघू असं अजिबात करू नका.